संगणक स्वतःला जागा कसा करतो?

बारवी किंवा उल्हास नदीच्या काठी शेताला पाणी देणारा पंप तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बरेच दिवस बंद राहिलेला असा पंप सुरू करण्यापूर्वी शेतकरी काय करतो? वरचे बूच काढून कळशीने आत पाणी ओततो, आणि मगच बटण दाबतो. पंप हवेने भरलेला असेल तर तो कितीही वेगाने फिरला तरी पाणी वर येत नाही. हवेची घनता पाण्याच्या घनतेच्या सुमारे आठशेवा भाग असते. तिला बाहेर फेकून पंपाला पुरेसे शोषण निर्माण करता येत नाही. थोडक्यात, पाणी ओढायला आधी पाणी हवे!

संगणकापुढेही नेमकी हीच अडचण असते. त्याचे सर्व काम स्मृतीत असलेल्या आज्ञांनुसार चालते. पण वीज गेली की मुख्य स्मृती कोरी होते. आज्ञा तर हार्ड डिस्कवर, म्हणजे चुंबकीय चकतीवर, लिहिलेल्या. त्या चकतीवरून स्मृतीत आणायच्या, तर 'चकती अशी वाच' हे सांगणाऱ्या आज्ञा आधीच स्मृतीत हव्यात. मग सुरुवात कोठून करायची? सुरुवातीच्या काळातील अनेक संगणकांत पहिल्या काही आज्ञा माणूस खटके वरखाली करून भरत असे. त्या आज्ञा मग छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून पुढच्या आज्ञा वाचून घेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला, तो याच पिढीतला. बुटाच्या मागच्या पट्ट्याला धरून स्वतःलाच वर उचलण्याच्या अशक्य कसरतीवरून इंग्रजीत या क्रियेला 'बूट करणे' हे नाव पडले. मला विचाराल तर कळशीची उपमा अधिक चांगली. ती निदान शक्य तरी आहे.

आज कळशीचे काम मदरबोर्डवरची एक चिप करते. वीज गेली तरी तिच्यातील आज्ञा पुसल्या जात नाहीत. जुन्या पद्धतीत या आज्ञासंचाला बायोस म्हणतात, नव्या पद्धतीत यूईएफआय. ही चिप चकतीवरील एका छोट्या आज्ञावलीला उठवते. तिचे नाव बूट लोडर. बूट लोडर कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, स्मृतीत आणतो आणि कर्नल उरलेल्या सर्वांना कामाला लावतो. एकाने दुसऱ्याला उठवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला.

जुन्या पद्धतीत बायोस चकतीचा फक्त पहिला कप्पा वाचतो. त्यात ५१२ बाइट असतात. त्यांपैकी ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट चकतीच्या विभागांच्या तक्त्यासाठी (चार विभाग, प्रत्येकी १६ बाइट) आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. बेरीज करून पाहा. ४४६ बाइट म्हणजे किती? संगणकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम १४८ चिन्हे, पोस्टकार्डावरचा चारपाच ओळींचा मजकूर! एवढ्यात सारा बूट लोडर मावणे शक्यच नाही. म्हणून लिनक्समधील ग्रब हा लोडर तुकड्यांत राहतो. पहिला तुकडा या ४४६ बाइटांत, दुसरा त्यामागच्या मोकळ्या जागेत आणि उरलेला एखाद्या विभागातील फाइलींत.

नव्या यूईएफआय पद्धतीत ही काटकसर लागत नाही. चकतीवर या कामासाठी एक वेगळा छोटा विभाग असतो आणि लोडर तेथे साध्या फाइलीच्या रूपात ठेवलेला असतो. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. ती फाइल कोठे आहे याची नोंद चकतीवर नसते. ती मदरबोर्डवरील कायम स्मृतीत असते. चकती काढून दुसऱ्या संगणकात बसवली की नोंद जुन्या घरीच राहते!

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला मोठा पूर आला. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि २७ जुलैला हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे तुम्हांला आठवत असेल, निदान घरी ऐकले असेल. त्या पावसात या भागातील एका शाळेच्या तळमजल्यावर पाणी शिरले. प्रयोगशाळेतील संगणकाचा तळ भिजला. वीजपुरवठ्याचा डबा आणि मदरबोर्ड निकामी झाले. हार्ड डिस्क मात्र वरच्या खणात असल्याने कोरडी राहिली. तिच्यावर मुलांनी सहा पावसाळे रोज मोजून लिहिलेल्या पर्जन्यमापनाच्या नोंदी होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

येथे एक इशारा. सर्वसाधारण हार्ड डिस्क हवाबंद नसते. आतल्या व बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी बसवलेले बारीक छिद्र असते, आणि बुडालेल्या चकतीत तेथूनच पाणी शिरते. म्हणून बुडालेल्या चकतीला घरी वाळवून वीज जोडू नये; ती जाणकाराकडेच द्यावी.

ही कोरडी चकती दुसऱ्या संगणकात त्याच्या स्वतःच्या चकतीशेजारी बसवली. ती चकती कोरी होती. तिच्यावर दोन विभाग तेवढे पाडलेले होते. संगणक सुरू केला, तर पडद्यावर 'सुरू करण्याजोगे साधन सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश! कोणी म्हणाले, चकती गेली. कोणी म्हणाले, तिच्यावर सर्व नव्याने बसवून टाकू. तसे केले असते तर सहा पावसाळे वाहून गेले असते.

तुमच्या नळाला पाणी आले नाही तर तुम्ही काय करता? बारवी धरण आटले असा निष्कर्ष एकदम काढत नाही. शेजारी पाणी आहे का, इमारतीच्या टाकीत आहे का, हे बघता. पाणी धरणापासून जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रामार्गे तुमच्या नळापर्यंत येते. त्या वाटेवर ते शेवटचे कोठे दिसले, याचा शोध घेता. संगणकाचेही तसेच. पडद्यावर शेवटी काय दिसले यावरून निरोप कोठवर पोहोचला ते कळते.

पहिला प्रश्न असा की यूईएफआयच्या मांडणीच्या पडद्यावर चकतीचे नाव दिसते का? दिसत होते. म्हणजे केबल, वीज आणि चकती ठीक. मग उरली ती नोंद. अनेक संगणकांत 'फाइल निवडून सुरू करा' अशी सोय असते. तिच्यातून चकतीवरील ग्रबची फाइल हाताने दाखवली आणि ग्रबची यादी पडद्यावर आली! चकतीवरील एकही अक्षर न बदलता पहिला अडथळा ओलांडला. (अशी सोय नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून नोंद पुन्हा करता येते. शिवाय ठरावीक नावाची फाइल ठरावीक जागी ठेवली तर नोंद नसतानाही यूईएफआय ती शोधून चालवते. चकती हलवायची आहे हे आधीच माहीत असेल तर ही युक्ती उत्तम.)

पण गाडी पुन्हा अडली. कर्नल सुरू झाला, दीड मिनिट काहीच घडले नाही, आणि मग दुरुस्तीची काळी चौकट उघडली. या वेळी कारण निराळे होते. नोंदी ठेवण्याचा विभाग कोणे एके काळी कोणीतरी 'पहिल्या चकतीचा तिसरा विभाग' अशा नावाने लिहून ठेवला होता. नव्या घरात पहिली चकती दुसरीच होती आणि तिला तिसरा विभागच नव्हता. वर्गात मुलाला 'पहिल्या बाकावरचा तिसरा' म्हणून ओळखावे आणि बाक बदलताच तो हरवावा, तसे हे झाले. शाळेत यासाठी जनरल रजिस्टर नंबर असतो. मूल कोठेही बसो, नंबर तोच. चकतीच्या प्रत्येक विभागालाही असा एक लांबलचक कायमचा क्रमांक असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. त्या एका ओळीत जागेऐवजी हा क्रमांक लिहिला आणि लिनक्स पूर्ण सुरू झाले. पहिले काम नोंदींची प्रत काढण्याचे केले, हे सांगायला नकोच.

प्रत्येक वेळी हीच दोन कारणे असतील असे नाही. जुन्या पद्धतीने बसवलेली चकती केवळ नवी पद्धत जाणणाऱ्या संगणकात सुरू होत नाही. पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' ही अक्षरे दिसली तर ग्रबचे पहिले तुकडे उठले, पण उरलेल्या फाइली त्याला सापडल्या नाहीत. विंडोजची निळी चौकट येऊन सुरुवातीची चकती पोहोचण्यापलीकडे असल्याचे सांगू लागली तर लोडरने आपले काम केले आहे. बहुधा नव्या मदरबोर्डची चकतीशी बोलण्याची रीत वेगळी आहे, आणि मांडणीतील एएचसीआय किंवा रेड हा पर्याय जुन्यासारखा केल्यास अनेकदा काम भागते. सिक्युअर बूट नावाची सोय तर ओळखीची सही नसलेल्या लोडरला दारातच अडवते.

विंडोजची चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मात्र प्रकरण गंभीर. कुलपाची किल्ली बहुधा जुन्या मदरबोर्डवरील टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. चकती हलवली की संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागतो. तो क्रमांक जपून ठेवला नसेल तर कोणताही दुरुस्तीवाला तुम्हांला मदत करू शकणार नाही. शिक्षकांनी शाळेतील प्रत्येक संगणकाचा हा क्रमांक आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावा.

आता एक प्रयोग, शिक्षकांच्या देखरेखीखाली. एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि त्याचे पहिले ५१२ बाइट एका फाइलीत उतरवून घ्या. आज्ञेत 'कोठून' आणि 'कोठे' यांची अदलाबदल झाली तर पेनड्राइव्हच पुसला जाईल, म्हणून तो रिकामाच हवा. ती फाइल बाइटांचे षोडशमान आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. मोजणी शून्यापासून करा. ५१० आणि ५११ या जागी ५५ आणि एए ही खूण दिसेल. ते आकडे द्विमान पद्धतीत लिहून त्यांतील गंमत पाहा. नंतर ४५० व्या जागी काय आहे ते बघा. विभागांच्या तक्त्यात पहिल्या विभागाचा प्रकार तेथे लिहिलेला असतो. ईई आढळल्यास विभागांची मांडणी नव्या, जीपीटी पद्धतीची आहे. निरनिराळे पाच-सहा पेनड्राइव्ह तपासून प्रत्येकाच्या ४५० व्या जागेचा आकडा वहीत लिहा आणि कोणते आकडे पुन्हा पुन्हा येतात ते शोधा.