वेराबिल तुमच्या नावाने, जमीन कोणाच्या?

प्रश्न : आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतजवळच्या सचिनला कनसाडच्या बाजूला 2012 साली सोसायटीत प्लॉट घेऊन घर बांधलं. खाली आम्ही राहतो, वरच्या दोन खोल्या जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. नगरपालिकेचा वेरा (घरपट्टी) किरकोळ होता, महापालिकेत गेल्यापासून बिल बरंच वाढलं. शेजारी म्हणतात, महापालिकेचं बिल तुमच्या नावाने येतं म्हणजे घर पक्कं झालं. आमच्याकडे नोटरी केलेलं साठेखत आणि पैसे भरल्याच्या पावत्या आहेत. बिल कमी करून मिळेल का? आणि टीपी (नगररचना योजना) पडणार म्हणतात, घराला धोका आहे का?
— एक वाचक, सचिन

उत्तर : बिलाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट ते साठेखत आहे.

जून 2020 मध्ये गुजरात सरकारने सचिन आणि कनकपूर-कनसाड या दोन नगरपालिका आणि 27 ग्रामपंचायती सुरत महापालिकेत घेतल्या. शहर साधारण 326 चौरस किलोमीटरवरून 460 च्या पुढे गेलं. त्याने कर घेणारं, बांधकामाला परवानगी देणारं आणि पाणी-गटार बघणारं कार्यालय बदललं. फेब्रुवारी 2021 मध्ये तुम्ही नगरसेवकही निवडले. जमिनीची मालकी मात्र होती तिथेच राहिली. हद्दवाढीची अधिसूचना कोणाचाही सात-बारा बदलत नाही.

वेरा घरावर आणि त्याच्या वापरावर बसतो. बिलावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं कोर्ट मानत नाही, आणि बांधकाम मंजूर झालं असंही नाही. सचिनजवळच्या पाली गावात 6 जुलै 2024 रोजी इमारत कोसळून सात माणसं गेली. ‘बिल येतं, म्हणजे सगळं ठीक’ या समजावर कोणी वरचा मजला चढवू नये, म्हणून ही आठवण देतो.

साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. नोटरीने त्याचं खरेदीखत होत नाही. त्यासाठी सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी लागते. साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दुसरी अडचण याहून मोठी असू शकते. तुमच्या सोसायटीची जमीन एनए (बिगरशेती) झाली होती का? नसेल, तर ती कागदावर अजून शेतजमीनच आहे, आणि गुजरातमध्ये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला कुळकायद्याच्या कलम 63 ची आडकाठी आहे. अमळनेरचा सात-बारा दाखवून इथे काम होईल असं गृहीत धरू नका. आधी सर्व्हे नंबर किंवा ब्लॉक नंबर शोधा, ताजा सात-बारा, आठ-अ आणि एनएचा हुकूम काढा आणि ते सगळं सुरतेतल्या महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा.

टीपीचा धोका इथेच आहे. नगररचना योजनेत मूळ जमिनींची फेरआखणी होते. रस्ते, बागा, शाळा, घरकुलं यांसाठी मोठा हिस्सा, पुष्कळदा 40 टक्क्यांच्या आसपास, कापला जातो आणि उरलेल्याचा अंतिम भूखंड मालकाला मिळतो. मालक कोण, हे महसुली नोंदीवरून ठरतं. योजनेच्या एफ फॉर्ममध्ये मूळ शेतकऱ्याचं नाव असेल, तर तुमचं घर त्या कागदात दिसणारच नाही. नकाशातला रस्ता तुमच्या ओसरीवरून गेला तरी मोबदल्याची नोटीस त्याच्याकडे जाईल. आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला एक महिना मिळतो. टीपी जाहीर झाली की सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून लेखी हरकत द्या, सोबत घराचे फोटो, वीजबिलं आणि वेऱ्याच्या जुन्या पावत्या जोडा, पोच घ्या. मालकीला अपुऱ्या पडणाऱ्या या पावत्या घर कधीपासून उभं आहे हे दाखवायला मात्र उपयोगी पडतात.

आता बिल. सुरतेत कर चटईक्षेत्रावर बसतो आणि त्याला चार गोष्टींचे गुणक लागतात : ठिकाण, इमारतीचं वय, घराचा प्रकार आणि राहणारा मालक की भाडेकरू. भाड्याच्या भागाला गुणक जास्त. खालचा मजला तुम्ही स्वतः वापरता. तोही भाड्याचा धरलाय का, हे आकारणीच्या उताऱ्यावर बघा. फितीने खोल्या मोजून चटईक्षेत्र ताडून पाहा. भिंतींची जाडी त्यात धरली गेली असेल, तर दुरुस्ती मागायला जागा आहे. वरच्या खोल्या लपवू नका. तक्रार नोटिशीतल्या मुदतीत झोन कार्यालयात लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर स्मॉल कॉज कोर्टात अपील करता येतं, पण त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते.

बिल थकवून बसू नका. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2017 मध्ये महापालिकेत गेली, कराच्या बोजावरून लोक भडकले आणि 2024 मध्ये ती गावं बाहेर काढून वेगळी नगरपरिषद झाली. ते राज्य सरकारच्या निर्णयाने घडलं. इथे तसं होईल या भरवशावर थकबाकी आणि व्याज वाढवत नेणं परवडणारं नाही.

मूळ शेतकरी हयात असेल तर खरेदीखतासाठी याच महिन्यात त्याला भेटा. त्याच्या पश्चात वारसांची नावं चढली की खरेदीखतावर बहिणी-भाच्यांसकट प्रत्येकाची सही लागेल, आणि तोवर टीपीमुळे जमिनीचा भाव चढला असेल, तर एखादा वारस सही करायला सरळ नकार देईल.