पऱ्याला विचारून आखलेली रेघ

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. अशाच कामांसाठी मी रत्नागिरी जिल्ह्यात काही वर्षं रूट सर्वे केले. कार्यालयात कुणीतरी उपग्रहचित्रावर रेघ आखायची, आणि पहिला टिकाव पडण्याआधी ती कुठे खोटी आहे ते आम्ही रस्त्याने चालून शोधायचं. त्यातलं थोडं अंगाला लागलेलं.

१. सर्वे एप्रिलमध्ये, डोळा आषाढावर.

राजापूरच्या अलीकडे एका गावात रेघ सरळ कोरड्या पऱ्यातून गेली होती. गोटे, पाचोळा, दोन गुरं. मी वहीत ‘अडथळा नाही’ असं लिहून पुढे निघालो, तेवढ्यात बांधावर बसलेल्या आजोबांनी हटकलं, “काय मोजताय?” सांगितलं. ते म्हणाले, “आषाढात या. त्या फणसाच्या बुंध्याला पाणी लागतं.” फणस पऱ्यापासून चांगला वीस पावलं लांब होता. त्या एका वाक्याने रेघ बदलली. केबलची नळी मोरीवरून न्यायचं ठरलं, तीही लोखंडी पाइपात घालून मोरीच्या उतरत्या अंगाला. वरच्या अंगाला बांधली असती तर पुरात वाहून आलेले ओंडके आधी तिच्यावरच आदळले असते.

तेव्हापासून माझ्या सर्वेच्या फॉर्मात एक रकाना हाताने आखलेला असे: पाणी कुठवर येतं, कोणी सांगितलं.

२. वरून माती दिसते. खाली काय आहे ते पहारच सांगते.

भूमिगत केबलसाठी चराची नेहमीची खोली १६५ सेंटिमीटर. कोकणात कितीतरी ठिकाणी हातभर मातीखाली जांभा लागतो. गूगलच्या चित्रात शेत आणि सडा वेगळे दिसतात, पण रस्त्याची साइडपट्टी भरावाची असते. तिच्या रंगावर जाऊ नये. आम्ही थोड्या थोड्या अंतरावर चाचणीचे खड्डे घेत असू. ‘सर्वेला आलात की विहीर खणायला?’ अशी थट्टा व्हायची. पण कातळ कुठून कुठपर्यंत ते डिझाइनमध्ये आधी आलं, तर तेवढ्या पट्ट्यात कमी खोली, लोखंडी पाइप आणि वर काँक्रीट अशी मंजुरी वेळेत घेता येते. न घेता खणलं, तर ठेकेदार आणि साहेब महिनोन्महिने मोजमाप पुस्तकावरून भांडतात.

अशा ठिकाणी केबल खांबांवरून न्या, असंही सुचवलं जातं. स्वस्त पडते, झपाट्याने होते. माझं मत विरुद्ध आहे. पहिल्या वादळी पावसात तिच्यावर फांदी पडली की ती स्वस्ताई कुठे जाते, ते दुरुस्तीवाल्या पोरांना विचारा.

३. जॉइंटची जागा ड्रमने ठरवू नये.

केबल ड्रमवर येते, साधारण दोन-दोन किलोमीटर. नकाशावर दोन-दोन किलोमीटरवर ठिपके दिले की काम झालं, असं कार्यालयाला वाटतं. आम्ही अंतर मोजायचं चाक फिरवत गेलो तेव्हा एक ठिपका घाटातल्या आंधळ्या वळणावर आला आणि दुसरा शाळेच्या फाटकात. शिवाय नकाशावरची लांबी आणि जमिनीवरची कधी जुळत नाही: वळणं असतात, रस्त्याची बाजू बदलते, आणि प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी दहा-वीस मीटर केबल गुंडाळून ठेवावी लागते. मग ड्रम साठ मीटर आधीच संपतो आणि नको त्या जागी जॉइंट करावा लागतो. आम्ही उलटं केलं. स्प्लायसिंगची गाडी उभी राहील, पाणी तुंबणार नाही, अशा जागा आधी निवडल्या आणि ड्रमच्या लांब्या त्यांवरून मागवल्या.

४. लांबी वाढली म्हणून घाबरू नये.

१३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल जातात. त्या प्रकाशाचे बत्तीस भाग करणारा स्प्लिटर एकटाच सतराच्या आसपास खातो. पऱ्याला दिलेला अर्ध्या किलोमीटरचा वळसा त्यापुढे किरकोळ.

५. नळाला पाणी सोडणाऱ्याला सोबत घ्यावं.

खणण्याआधी खाली कुणाचं काय आहे ते विचारण्यासाठी २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आहे, ते वापरावंच. पण वाडीतली जुनी नळवाहिनी कुठल्या नोंदीत सापडेलच असं नाही. ती सापडते पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यात. तो पायाने दाखवतो, “इथून अशी, मग आंब्याला वळसा.” सरपंचांबरोबरच्या चहापेक्षा त्याच्याबरोबरचा अर्धा तास जास्त उपयोगी. (चहाही घ्यावा. नाही घेतला तर गावात काम होत नाही.)

६. जुना कागद फाडून टाकावा.

हे मी केलं नाही. एका रस्त्यावर सर्वेनंतर रूट डावीकडून उजवीकडे घेतला, कारण डावीकडे रुंदीकरण होणार होतं. सुधारित नकाशा ठेकेदाराला पाठवला. पण मुकादमाकडे पहिल्या नकाशाची घडी होती, माझ्याच हाताने दिलेली. तिच्यावर ना तारीख, ना आवृत्तीचा क्रमांक. तीनशे मीटर डावीकडे खणून, नळी टाकून, बुजवून झालं तेव्हा मला फोन आला. उजवीकडे पुन्हा खणलं. डावीकडची रिकामी नळी काढण्याचा खर्च कुणालाच नको होता. गणपतीला गावी जाताना ती साइडपट्टी लागते. शेजारी बायको असते; मी दुसऱ्या खिडकीतून बघतो.