माउसच्या वेगानं शिकवलेलं काही

जुन्या फोटोंवरचे डाग पुसताना पडद्यावरचा बाण हळू चालावा आणि काम झालं की पुन्हा पूर्वीसारखा पळावा, एवढ्या हौसेपोटी मी विंडोजसाठी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. सगळा कारभार एकाच फंक्शनचा: सिस्टिमपॅरामीटर्सइन्फो. त्याच्या नादी लागून जे उमगलं ते असं.

१. माउसला पडद्याचा पत्ताच नसतो. तो फक्त 'इतका डावीकडे, इतका वर सरकलो' असे आकडे पाठवत राहतो. त्यांचे पिक्सेल किती करायचे ते विंडोज ठरवतं. डीपीआय, म्हणजे इंचभर सरकताना माउस किती नोंदी पाठवतो ते, हा माउसचा गुण; वेग हा विंडोजचा गुणाकार. खोक्यावरचा डीपीआयचा भलामोठा आकडा पाहून भारावणं मी तेव्हापासून कमी केलंय. बंद मात्र झालेलं नाही.

२. विंडोजमधली वेगाची १ ते २० ही पट्टी दिसते तितकी सरळ नाही. मुळात वेग १० असतो. प्रवेग बंद ठेवला, तर तिथे माउसची एक नोंद म्हणजे एक पिक्सेल. माझा शाळकरी हिशेब म्हणतो, २० म्हणजे दुप्पट. प्रत्यक्षात साडेतीनपट! निम्मा वेग ५ वर नाही, ६ वर मिळतो. आणि १ वर उरतो फक्त बत्तिसावा हिस्सा. त्रैराशिकावर जगलेल्या माणसाला हे जरा लागतंच.

३. विचारण्याची रीत वेगळी, सांगण्याची वेगळी. सध्याचा वेग विचारताना फंक्शनला आकडा ठेवायच्या जागेचा पत्ता द्यायचा. नवा वेग सांगताना त्याच पॅरामीटरमध्ये पत्ता नाही, थेट आकडा. मायक्रोसॉफ्टनं हे स्वच्छ लिहून ठेवलंय. पण असलं काही अडल्याशिवाय वाचायचं नाही, हा आमचा पिढीजात बाणा.

४. कायमपणा मागून घ्यावा लागतो. फंक्शनच्या शेवटच्या पॅरामीटरमध्ये शून्य दिलं, तर बदल लॉग-ऑफ करेपर्यंतच टिकतो. जपून ठेवायचा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. मला आधी सगळंच कायमचं हवं असायचं. आता शून्याचं मोठेपण कळतं: माझी लहर निदान उद्यापर्यंत उरत नाही.

५. 'माझ्यापुरतं' असं काही नसतं. हा वेग एका खिडकीचा नाही. जोडलेल्या प्रत्येक माउसला आणि बहुतेक सगळ्या प्रोग्रॅम्सना तोच लागू. म्हणून बदलण्याआधी आधीचा आकडा विचारून ठेवायचा आणि जाताना तोच परत द्यायचा. १० नव्हे, आधीचा. माझ्या दृष्टीनं 'मूळचा' म्हणजे सर्वांचाच, हा समज सोडायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

६. शुद्ध गणित हाताला आवडेलच असं नाही. 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन', म्हणजे विंडोजचा तो प्रवेग, चालू असताना माउस झटक्यात हलवला, तर तेवढ्याच अंतरात बाण जास्त लांब जातो. नेमबाजीचे खेळ खेळणारे अनेकजण हे बंद ठेवतात. हात जेवढा हलेल तेवढाच बाण, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पटल्यावर मी ते बंद केलं, आणि हातानं बंड पुकारलं. सध्या ते चालू आहे. तत्त्व माझं, मत हाताचं.

७. योग्य वेग फंक्शनला ठाऊक नसतो, लिहिणाऱ्यालाही नसतो. पहिल्या आवृत्तीत 'हळू' म्हणजे किती हे मीच ठरवून टाकलं होतं. आता प्रोग्रॅम ते वापरणाऱ्याला विचारतो. बाबांनी ३ निवडला. त्या वेगात बाण कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर माझा चहा निवतो. त्यांच्या मते माझा १० हा निव्वळ उतावळेपणा आहे. दोघांचेही फोटो मात्र छान स्वच्छ होतायत.