वाफसा आणि बिनतारी संवेदक

पाऊस पडून गेल्यावर जाणता शेतकरी लगेच औत जुंपीत नाहीं. तो शेतांत जातो, चार बोटें खालची माती मुठींत घेऊन दाबतो आणि हात उघडून पाहतो. माती हातास चिकटली तर जमीन अद्याप ओली. गोळाच झाला नाहीं तर ती कोरडी. आणि गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानें सुटला तर वाफसा आला, असें तो समजतो. मातींत पाणीही आहे आणि मुळांना श्वसनापुरती हवाही आहे, अशी ही मधली स्थिति होय. हीच स्थिति हल्लीं बिनतारी संवेदकाच्या साह्यानें घरीं बसून अजमावितां येते. ती कशी, आणि त्या यंत्रावर कितपत विसंबावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम या यंत्राची गरज काय तें पाहूं. मुठीची परीक्षा ही वरच्या थराची परीक्षा. पिकाचीं मुळें तर हात-दीड हात खोल जातात. वर कोरडें दिसलें म्हणून पाणी सोडावें, तर खालीं चिखल असावयाचा! जितकें पाणी अधिक तितकें पीक अधिक, ही समजूत खरी नव्हे. सांगली व कोल्हापूर भागांत कृष्णाकांठीं उसास वर्षानुवर्षें दिलेलें अतोनात पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळें कित्येक उत्तम जमिनी क्षारपड झाल्या. भूमिगत पाणी वर चढलें, त्याबरोबर क्षार वर आले. पाण्याची वाफ होऊन गेली, क्षार मात्र मागें राहिले. अशी जमीन सुधारण्यास चर खणून किंवा नळ्या पुरून निचरा करावा लागतो, आणि त्यास द्रव्य व काळ दोन्ही लागतात. शिवाय शेतीपंपास पुष्कळ ठिकाणीं रात्रींची वीज मिळते. पाण्याची गरज नसतां अंधारांत, विंचवासापाची भीति सोसून बांधावर जाण्याचा प्रसंग टळला, तर तोही लाभ लहान नव्हे.

आतां यंत्राची रचना. जमिनींत पुरलेल्या संवेदकास धातूच्या दोन पट्ट्या असतात. बहुधा त्यांवर संरक्षक लेप दिलेला असतो. त्यांच्यामधील मातींत विद्युद्भार किती सांठवितां येतो, हें यंत्र मोजतें. या बाबतींत हवेचा अंक १ धरला, तर कोरड्या मातीचा सुमारें ३ ते ५ आणि पाण्याचा सुमारें ८० येतो. एवढें अंतर असल्यामुळें मातींत थोडें पाणी वाढलें तरी मापांत स्पष्ट फरक पडतो. हें माप एक लहानसा प्रेषक रेडिओलहरींच्या द्वारें घराकडील ग्राहकयंत्राकडे पाठवितो व तेथून तें मोबाईलवर दिसतें. आपल्या देशांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरतां येतो. मोकळ्या रानांत असा संदेश कांहीं किलोमीटर जातो. उंच उसाच्या दाट पानांत तो क्षीण होतो. प्रेषक बहुतेक वेळ निद्रिस्त असतो व ठरल्या वेळींच क्षणभर जागा होतो. म्हणून लहानशा बॅटरीवर तो दीर्घकाळ चालतो.

येथवर सर्व सोपें आहे. खरी अडचण पुढेंच आहे. यंत्रानें घनफळाच्या शेकडा २० ओल दाखविली, असें समजा. पाणी द्यावें कीं न द्यावें? हलक्या रेताड जमिनींत एवढी ओल भरपूर झाली. परंतु भारी काळ्या जमिनींत तेवढ्यावर रोप कोमेजूं लागण्याचा संभव असतो, कारण तिचे सूक्ष्म कण पाणी घट्ट धरून ठेवितात व तें मुळांस सोडीत नाहींत. शिवाय आपली काळी जमीन वाळतांना भेगाळते. संवेदकाजवळ भेग पडली कीं मातीऐवजीं हवेचेंच माप येतें. क्षारांमुळेंही कित्येक यंत्रांचीं मापें चुकतात. तात्पर्य, एका शेतांत खरें बोलणारें यंत्र दुसऱ्या शेतांत फसवूं शकतें.

यावर उपाय एकच : यंत्रास आपल्या मातीची ओळख करून देणें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा. ठराविक घनफळाच्या डब्यानें संवेदकाजवळील माती न दाबतां काढावी, तिचें वजन करावें, व १०५ अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टींत ती २४ तास वाळवून पुन्हां वजन करावें. ओली माती १२० ग्रॅम व वाळल्यावर १०० ग्रॅम भरली, तर वजनाच्या मानानें ओल शेकडा २० झाली. त्या कोरड्या मातीची घनता दर घन सेंटिमीटरास १.२ ग्रॅम असेल, तर २० ला १.२ नें गुणावें; म्हणजे घनफळाच्या मानानें ओल शेकडा २४ ठरते. हा अंक यंत्राच्या अंकाशेजारीं लिहावा. ओल्या, मध्यम व कोरड्या अशा निरनिराळ्या वेळीं हेंच करून तक्ता बनवावा, आणि प्रत्येक वेळीं घरच्या वडीलधाऱ्यांना मुठीची परीक्षा करावयास सांगून त्यांचा अभिप्रायही त्यांत नोंदावा. वाफसा कोणत्या अंकास येतो, हें मग तो तक्ताच सांगेल.

शुभवर्तमानांतील पेरणाऱ्याच्या दाखल्यांत पेरणारा एक, बीं एक. भिन्न होती ती जमीन, आणि फळ तिच्याप्रमाणें आलें. नव्या यंत्राचीही हीच कथा आहे. तें विकत मिळतें. जमिनीची ओळख मात्र विकत मिळत नाहीं. ती वडिलांच्या मुठींत आहे. मुलांनीं ती मुठीकडून शिकून घ्यावी आणि वडिलांनीं मुलांच्या तक्त्याकडे कौतुकानें पाहावें, म्हणजे पाणी वांचेल आणि जमीनही वांचेल.