मालमत्ता खरेदी : पैसे कोणाच्या हाती द्यावेत?

जमीन वा घर खरेदी करताना मोबदल्याची रक्कम कोणाच्या हाती द्यावी, याचा विचार पुष्कळदा व्यवहार फसल्यावरच केला जातो.

दलालाचा अधिकार

भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार प्रतिनिधीचा अधिकार मालकाने स्पष्टपणे दिलेला किंवा परिस्थितीवरून सिद्ध होणारा असावा लागतो. जागा दाखविणे व उभय पक्षांची गाठ घालून देणे, एवढ्यावरून दलालाला किंमत स्वीकारण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. अधिकार नसलेल्या मध्यस्थाला दिलेला इसार मालकापर्यंत पोचला नाही, तर खरेदीदाराचे देणे फिटत नाही. तीच रक्कम पुन्हा भरण्याची पाळी येऊ शकते. दलालाची महारेराकडील नोंदणी म्हणजेही रक्कम स्वीकारण्याची मुखत्यारी नव्हे.

मुखत्यारपत्र

मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात. विक्रीची बोलणी करणे आणि मोबदला घेऊन पावती देणे हे वेगवेगळे अधिकार होत. दुसऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे काय, हे मूळ पत्रात पाहावे. मालक हयात असल्याचीही खात्री करावी. कारण त्याच्या मृत्यूने सामान्यतः मुखत्यारी संपुष्टात येते. अधिकृत प्रतिनिधीनेही मिळालेल्या रकमेचा हिशेब मालकाला देणे बंधनकारक आहे.

खरेदीदाराने घ्यावयाची दक्षता

रक्कम शक्यतो धनादेशाने वा बँकेमार्फत थेट मालकाच्या खात्यात भरावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. प्रत्येक भरण्याची मालकाच्या सहीची पावती घ्यावी आणि खरेदीखतात त्याचा तपशील नमूद करून घ्यावा.