तंबाखूची जाहिरात : बंदीनंतर उरलेली जागा

९ मार्च १९९६ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी क्रीडांगणावर भारताने विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात पाकिस्तानचा ३९ धावांनी पराभव केला. त्या स्पर्धेचे अधिकृत नाव ‘विल्स विश्वचषक’ असे होते आणि विल्स हे सिगारेटचे नाव होते. दूरदर्शनच्या जाहिरात संहितेनुसार सिगारेट व तंबाखूच्या जाहिरातींना मनाई होती. तथापि स्पर्धेचे नाव घेतल्याशिवाय तिची बातमीही देता येत नव्हती. बंगळुरूच्या पूर्वेस, कोलारच्या रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. तेथे दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला सिगारेट ओढण्याचा आग्रह कोणीही केला नव्हता. आनंदाच्या एका क्षणाशी एक नाव जोडले गेले, इतकेच. तंबाखूच्या जाहिरातीचा नैतिक प्रश्न या ‘इतकेच’पासून सुरू होतो.

ग्राहकाचे सार्वभौमत्व

अर्थशास्त्रात जाहिरातीचे दोन प्रकार मानले जातात : माहिती देणारी आणि मन वळविणारी. पहिल्या प्रकारामुळे ग्राहकाचा शोध घेण्याचा खर्च कमी होतो आणि बाजार अधिक कार्यक्षम होतो. ग्राहक सार्वभौम आहे, त्याने आपली निवड आपण करावी, या भूमिकेमागे तीन गृहीतके असतात. ग्राहक सज्ञान आहे, त्याला परिणामांची माहिती आहे आणि निवड चुकल्यास ती बदलण्याची क्षमता त्याच्यापाशी आहे. निकोटीनचे व्यसन तिसरे गृहीतक मोडून काढते. पहिल्या दोहोंचीही स्थिती फारशी चांगली नाही, कारण सवय बहुधा कोवळ्या वयातच जडते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील दुसऱ्या फेरीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के, तर कर्नाटकात २२.८ टक्के होते. तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा व अकाली मृत्यूंचा २०१७-१८ मधील आर्थिक भार १,७७,३४१ कोटी रुपये इतका अंदाजण्यात आला. तो स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याहून किंचित अधिक आहे. या भारातील बराच वाटा रुग्णाचे कुटुंब आणि सार्वजनिक रुग्णालये उचलतात. जाहिरातीचा लाभ मात्र विक्रेत्याच्या ताळेबंदात जमा होतो. बाह्य परिणामांचे याहून ठळक उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

एकूण मागणी की केवळ हिस्सा?

उद्योगाचा युक्तिवाद सर्वपरिचित आहे. जाहिरातीमुळे नवा धूम्रपान करणारा तयार होत नाही. जो आधीच ओढतो तो केवळ एक छाप सोडून दुसरीकडे वळतो, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही, पण अपुरा आहे. या व्यवसायाचे जुने ग्राहक सतत गळत असतात. काही सवय सोडतात, काही मरण पावतात. त्यांची जागा भरून काढणे ही उद्योगाची गरज असते आणि ती नव्या, म्हणजेच तरुण, ग्राहकांकडूनच भागते.

हेन्री सॅफर व फ्रँक चालुप्का यांनी २२ देशांतील १९७० ते १९९२ या काळाच्या आकडेवारीचा अभ्यास करून २००० साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. जाहिरातीवरील सर्वंकष बंदीमुळे तंबाखूचा खप घटू शकतो. मर्यादित बंदीचा मात्र परिणाम अत्यल्प असतो किंवा मुळीच होत नाही. याचे कारण सोपे आहे. एक माध्यम बंद केले की त्यावरचा खर्च उघड्या राहिलेल्या माध्यमाकडे वळतो. परीक्षार्थींनी सर्वंकष बंदी आणि अंशतः बंदी यांतील हा भेद विशेष ध्यानात ठेवावा, कारण भारतातील पुढचा सारा इतिहास या भेदाभोवती फिरतो.

मैदानातून दुकानात, दुकानातून वेष्टनावर

१९७५ च्या सिगारेट कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. तो केवळ सिगारेटपुरता होता. तंबाखू मुख्यतः चघळणाऱ्या देशात हे विचित्रच म्हणावे लागेल. (महाराष्ट्रात २०१६-१७ मध्येही धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते.) मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घालण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी सिगारेटचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या प्रायोजकत्वातून दूर झाले. पुढे २००३ चा ‘कोटपा’ कायदा आला. त्याच्या कलम ५ ने सर्व तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींना व प्रायोजकत्वाला मनाई केली. परंतु दोन जागा शिल्लक ठेवल्या : विक्रीचे ठिकाण आणि वेष्टन.

दुकानातील फलक ६० सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, त्यावर छापाचे नाव वा चित्र नसावे, तो मागून प्रकाशित केलेला नसावा, असे २००५ च्या नियमांनी ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशांमुळे हे नियम सुमारे साडेसात वर्षे स्थगित राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०१३ रोजी ती स्थगिती उठविली. दरम्यानच्या काळात जे मूल पहिलीत होते ते आठवीत पोहोचले.

वेष्टनाचा वाद तर बंगळुरूलाच गाजला. पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ४० टक्के भाग व्यापणारा सचित्र इशारा दोन्ही बाजूंवर ८५ टक्के करण्याचे नियम २०१४ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०१६ पासून अमलात आले. त्यांविरुद्धची देशभरातील प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपविली. त्या न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी नियम रद्द ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१८ रोजी त्या निकालाला स्थगिती दिली. टाटा प्रेस प्रकरणात १९९५ मध्ये व्यापारी जाहिरातीला अनुच्छेद १९(१)(क) चे संरक्षण मान्य झाले होते, हे येथे आठवावे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानणारा अनुच्छेद ४७ दुसऱ्या पारड्यात पडतो.

नात्यातले उत्पादन

कायद्याने न नोंदविलेली तिसरी जागा उद्योगाने स्वतः शोधली. तंबाखूचेच नाव, रंग आणि अक्षरांचे वळण वेलदोडा, पानमसाला किंवा पाण्याच्या बाटलीला द्यायचे आणि जाहिरात त्या वस्तूची करायची. यालाच छद्म किंवा सरोगेट जाहिरात म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिला मनाई केली. पण जाहिरातीतील वस्तू खरोखरच बाजारात विकली जाते की केवळ नावाची सावली आहे, हे सिद्ध करणे अवघड जाते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला, तर कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटखा प्रतिबंधित केला. त्यानंतर पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकून ग्राहकाच्या तळहातावर एकत्र होऊ लागली. राष्ट्रीय वाहिनीवरील जाहिरातीला राज्याची सीमा नसते. मुंबईत जिच्या विक्रीला मनाई आहे, त्या वस्तूचे नाव मुंबईच्या घराघरांत पोहोचते.

पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी करीत बंगळुरूला आणि तेथून होसकोटे मार्गे कोलारकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ तंबाखूच्या अर्थकारणाची दोन टोके जोडतो. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी १९८१ मध्ये मोठे आंदोलन केले होते. जाहिरातबंदीमुळे शेतकरी बुडेल, असे सांगताना त्यांचेच नाव पुढे केले जाते. वास्तविक निपाणी परिसरातील तंबाखू मुख्यतः बिडीसाठी वापरला जातो, आणि क्रिकेटच्या स्पर्धा बिडीच्या नावाने कधी भरल्या नाहीत. उत्पादकाचा प्रश्न भावाचा आणि पर्यायी पिकाचा आहे. तो जाहिरातीच्या खर्चाने सुटलेला नाही.

होसकोटेसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात आता जाहिरातीचे माध्यम उरले आहे ते टपरीचे दर्शन : मुलाच्या नजरेच्या उंचीवर गोळ्या-चॉकलेटांच्या बरणीशेजारी मांडलेली पाकिटे आणि वर टांगलेल्या पुड्यांच्या माळा. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीस कलम ६ ने मनाई आहे. कर्नाटकाने २०२५ मध्ये अमलात आणलेल्या दुरुस्तीने खरेदीचे किमान वय १८ वरून २१ केले. कलम ५ च्या पहिल्या उल्लंघनासाठी केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंड झालाच तर तो सहसा टपरीवाल्याच्या गल्ल्यातून जातो. फलक मात्र त्याने स्वतःच्या खर्चाने बनविलेला नसतो.