पालक बाईंना काय काय विचारतात?

आमची पालकसभा व्हरांड्यात भरते. मी चौथीच्या वर्गात खिडकीपाशी बसते, म्हणून पालकांचे प्रश्न मला ऐकू येतात. यंदा बाईंनी ते वहीत उतरवून घ्यायला सांगितले व उत्तरे समजावून दिली. भिंतीसमोर उभे राहून वाचणाऱ्या काका-काकूंनो, तुमचाही प्रश्न यात सापडेल.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा : "बाई, पहिलीचे पोट्टे नुसते खेळूनच राह्यले, शिकते कवा?"

पहिलीची मुले पऱ्हाटीच्या काड्या मोजतात. दहा झाल्या की दोऱ्याने गठ्ठा बांधतात. तो गठ्ठा म्हणजे दशक, सुट्या काड्या म्हणजे एकक. ३४ म्हणजे ३ गठ्ठे व ४ काड्या. आता ३४ मधून ८ काढायचे, तर सुट्या काड्या पुरत नाहीत. मग एक गठ्ठा सोडावा लागतो. यालाच दशक उसना घेणे म्हणतात. ज्याने हाताने गठ्ठा सोडला, त्याला ते पाठ करावे लागत नाही.

हे काही नवीन नाही. आपल्या वर्धा शहरात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद झाली. अध्यक्ष महात्मा गांधी होते. हाताने काम करता करता शिकावे, असे तेथे ठरले. त्याला नई तालीम म्हणतात. सेवाग्रामच्या शाळेत मुले सूत कातत. १६० तारांची एक लटी व ४ लट्यांची एक गुंडी, म्हणजे किती तार? ६४०. सूतही झाले आणि गुणाकारही झाला! सेवाग्रामला आजही आनंद निकेतन नावाची शाळा या पद्धतीने चालते.

दुसरा प्रश्न बाबा लोक विचारतात : "आमच्या पोराचा नंबर कितवा?" आता नंबर नसतो, श्रेणी असते. १०० पैकी ९१ किंवा त्याहून जास्त गुण असले तर अ-१, ८१ ते ९० ला अ-२, असे खाली जाते. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण वर्षभराच्या कामाचे असतात : तोंडी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, वहीतला अभ्यास. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून फार उपयोग नाही.

"नाही ऐकला तर द्या एक ठेवून," असेही एक आजोबा म्हणाले. सगळे हसले. पण शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यात मुलांना मारायला मनाई आहे. (हे ऐकून आमच्या वर्गातली मुले फार खूश झाली.)

खिचडीबद्दल आया विचारतात, पोटभर मिळते का? पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ धरलेली असते. आई, तूच घरी मोजून पाहा किती होते ते.

एक काकू सर्वांच्या मागे बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, मी पोरीचा अभ्यास कसा घेऊ?" मला हा प्रश्न सर्वांत चांगला वाटला. बाई म्हणाल्या, तुम्ही भाकरी थापत असताना पोरीला जवळ बसवून मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा, "पुढे काय झालं?" तिला सांगता आले तर समजले. सांगता आले नाही तर ती पुन्हा वाचेल. ऐकणाऱ्याला वाचता आलेच पाहिजे असे नाही.

शेवटचा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर येतो. "कापूस वेचाले पोरगी हप्त्यातून दोन दिवस ठेवली त काय बिघडते?" मजूर मिळत नाहीत आणि अवकाळी पाऊस आला तर बोंडे भिजतात, हे खरे आहे. आमच्या वावरातही पऱ्हाटी आहे. बाईंनी उत्तर न देता फळ्यावर हिशोब मांडला. वेचणीचे ८ आठवडे धरले, तर २ गुणिले ८ म्हणजे १६ दिवस. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस व ८०० तास शिकवणे असते, म्हणजे दिवसाला ४ तास. १६ दिवसांचे ६४ तास बुडाले.

पण खरी अडचण पुढेच आहे. आमच्या वर्गात भागाकार त्याच दिवसांत चालतो. सोमवारी भाग कसा लावायचा, मंगळवारी बाकी, बुधवारी शून्याचा भाग. जी मंगळवारी नव्हती तिला बुधवारचे काहीच समजत नाही. मग ती गुरुवारी शाळेत येऊनही गप्प बसते. पाचवीच्या शेवटी आता परीक्षा आहे. त्यात व फेरपरीक्षेतही राहिले तर पुन्हा पाचवीतच बसावे लागते.

एका काकांनी विचारले, मग कामाला हातच लावू नये का? तसे नाही. घरच्या वावरातले साधे काम शाळा सुटल्यावर किंवा सुटीत करायला कायद्याची हरकत नाही. लहान भावाला सांभाळायला कोणी नसले आणि तो तीन वर्षांचा झालेला असला, तर अंगणवाडी आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. त्यांनी ठरवले की सोमवार ते शनिवार कोणत्या घरी कोण थांबले याची चौकशी करायची. आमच्या वर्गाने ठरवले की जी आली नाही तिच्या घरी त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलीने गणिताची वही न्यायची. मागच्या आठवड्यात मी नेली. तिच्या आजीने आधी शेंगदाणे दिले, मग आम्ही ८४ भागिले ४ केले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी